लांबच्या घराची ‘सवय’ शरीराला होत नाही

कंबर धरून, डोळे चोळत दवाखान्यात येणाऱ्या तिशी-पस्तिशीच्या मंडळींकडून एक वाक्य सारखं ऐकू येतं: “डॉक्टर, जाण्या-येण्याचं काही नाही, त्याची आता सवय झाली आहे.” नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत आणि घर नगर शहरातल्या सावेडीच्याही पलीकडे, कारण प्लॉट तिकडे स्वस्त मिळाला. नोकरी नागापूरला आणि रोजचं येणं-जाणं राहुरीच्या पुढून. कुणी पारनेर-श्रीगोंद्याकडच्या गावातून रांजणगाव गाठतो. तक्रार कमरेची, पित्ताची, डोकेदुखीची नाहीतर चिडचिडीची असते आणि गोळीही तेवढ्यापुरतीच हवी असते. रोजच्या प्रवासाबद्दल विचारलं की, याचा आजाराशी काय संबंध, असा चेहरा होतो. घर कुठे घ्यायचं हा पैशांचा प्रश्न आहे, हे मला मान्य आहे. पण तो तेवढाच झोपेचा, मणक्यांचा आणि रक्तदाबाचा प्रश्न आहे, आणि ‘होते सवय’ हा त्यातला सगळ्यांत हट्टी गैरसमज आहे.

सवय कशाची होते, हे आधी समजून घ्या. प्रवास वाढला की दिवसाचे तास वाढत नाहीत, ते कुठून तरी कापले जातात. ड्यूटी कापता येत नाही, स्वयंपाक आणि मुलं टाळता येत नाहीत, म्हणून कापली जाते ती झोप. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांना सलग 14 दिवस रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलं आणि रोज त्यांचं लक्ष, स्मरण आणि प्रतिसादाचा वेग तपासला. दोन आठवड्यांनी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. महत्त्वाचा भाग पुढेच आहे. आपण इतके मंदावलो आहोत, हे त्या माणसांना स्वतःला जाणवतच नव्हतं. आपल्याला थोडीच झोप येते आहे, असं ते सांगत राहिले. तुम्ही ज्याला सवय म्हणता ती हीच. थकवा गेलेला नसतो, थकवा ओळखण्याची ताकद गेलेली असते.

आता हे आपल्या रस्त्यावर आणून पाहा. दुसरी पाळी दुपारी तीन ते रात्री अकरा. मुलांची शाळा आणि नळाचं पाणी यांमुळे सकाळी सहाला उठावंच लागतं. म्हणजे रात्री अकराला तुम्ही गाडीला किक मारता तेव्हा जागं राहून 17 तास झालेले असतात. इतका वेळ जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. दारूच्या थेंबाला न शिवणारा माणूसही अशा वेळी कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेल्यासारखा गाडी चालवत असतो. त्यातून गळीत हंगाम असला तर राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाच्या रस्त्यांवर उसाच्या जुगाड ट्रॉल्या असतात. कित्येकींना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो. पंक्चर झाली की ट्रॉली डांबराच्या कडेला अंधारातच उभी असते. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात तीन सेकंद डुलकी लागली तर गाडी 50 मीटर पुढे गेलेली असते. त्या 50 मीटरांत काय उभं होतं, हे डोळे मिटलेल्या माणसाला कळत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: मुंबईची माणसं बदलापूर-विरारहून रोज दोन-दोन तास जातातच की, त्यांना काही होत नाही. पहिली गोष्ट, त्यांना होतं. दुसरी गोष्ट, लोकलमधला प्रवासी डुलकी घेऊ शकतो, गाडी दुसरं कुणी तरी चालवत असतं. पुणे हायवेवर ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या मधून मोटारसायकल काढणाऱ्याला ती मुभा नाही. आणि चारचाकी घेतली म्हणून सुटका होते, असंही नाही. टेक्सासमधल्या चार हजारांहून जास्त नोकरदारांची तपासणी करून 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही बहुतेक माणसं मोटारीनं जाणारी, रस्ते आपल्याहून कितीतरी बरे. तरीही नोकरीचं अंतर जितकं जास्त, तितकी शरीराची क्षमता कमी आणि पोटाचा घेर व रक्तदाब जास्त, असं दिसलं. साधारण 16 किलोमीटरच्या पुढे रक्तदाबातला फरक दिसू लागला होता. नगर शहरातून सुपा त्याहून बरंच लांब आहे. असा अभ्यास कारण आणि परिणाम पक्का सिद्ध करत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण शरीराचं तंत्र पाहिलं तर तो अजिबात नवलाचा वाटत नाही. बसून राहणं वाढलं, चालणं संपलं, जेवण उशिरा गेलं, झोप तुटली, तर रक्तदाब वाढणारच.

पैशांचा हिशोबही आपण अर्धाच मांडतो. समजा लांबच्या खोलीचं भाडं दोन हजारांनी कमी आहे आणि एका बाजूचं अंतर 25 किलोमीटर. रोजचे 50, महिन्याच्या 26 दिवसांचे 1,300 किलोमीटर. लिटरला 50 चा ॲव्हरेज धरला तरी 26 लिटर पेट्रोल लागतं. लिटरमागे शंभराच्या वर पैसे मोजले की अडीच हजारांहून जास्त तिथेच गेले. टायर, चेन, सर्व्हिसिंग वेगळं. वाचवलेले दोन हजार पंपावरच संपतात. वेळेचं गणित तर कुणी करतच नाही. एका बाजूला पाऊण तास लागला तर महिन्याला 39 तास होतात. आठ तासांच्या जवळजवळ पाच पाळ्या तुम्ही बिनपगारी, हेल्मेट घालून, रस्त्यावर करता. बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या कंत्राटी कामगारानं तर हा हिशोब आधी मांडावा. बारा तास काम आणि दोन तास रस्ता गेला की आंघोळ, जेवण, घर आणि झोप या सगळ्यांना मिळून दहाच तास उरतात. जर्मनीतल्या हजारो कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून स्वित्झर्लंडमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी असंच ताडून पाहिलं होतं. स्वस्त घर किंवा जास्त पगार यांनी लांबच्या प्रवासाची भरपाई होत असेल, असा अंदाज होता. तशी भरपाई होताना दिसली नाही. लांब जाणारी माणसं एकंदर आयुष्याबद्दल कमी समाधानी होती.

“गावात स्वतःचं घर आहे, आई-वडील आहेत, दूध-दुभतं आहे, ते सोडून कोंदट खोलीचं भाडं कशाला भरू?” हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो आणि तो मी उडवून लावणार नाही. घरचं जेवण, मुलांना आजी-आजोबा, अडचणीला धावून येणारा शेजारी, यांचा तब्येतीला मोठा आधार असतो. अर्ध्या-पाऊण तासाचा सरळ रस्ता असेल, कंपनीची बस असेल, सात तास झोप निघत असेल, तर खुशाल गावातून या, उगाच घाबरू नका. प्रश्न त्याच्या पुढच्या अंतराचा आणि रात्रपाळीचा आहे. तिथे कामाच्या दिवसांत दोघा-तिघांनी मिळून एमआयडीसीजवळ खोली घ्यावी आणि सुट्टीला गावी जावं. निदान रात्रपाळीच्या आठवड्यात तरी गाडी दामटत घरी येऊ नये. घरच्यांनीही “एवढंसं अंतर, रोज घरी येता येत नाही का?” असं म्हणून त्याला रस्त्यावर ढकलू नये.

घर निवडताना किलोमीटर मोजण्यापेक्षा दिशा आणि मिनिटं मोजा. सुप्याला नोकरी असेल तर केडगाव किंवा पुणे रस्त्यावरची चास-कामरगावसारखी गावं आणि सावेडी यांत मोठा फरक आहे, कारण सावेडीहून निघालं की आधी अख्खं शहर ओलांडावं लागतं. नागापूरला नोकरी असेल तर हेच गणित उलटं होतं. तिथे बोल्हेगाव, निंबळक, सावेडी सोयीचं. नगर-मनमाड रस्त्यावर तर नकाशावरच्या वेळेवर विसंबूच नका. त्या रस्त्याचे खड्डे हा वर्षानुवर्षांचा विषय आहे आणि प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट कमरेच्या मणक्यांत जातो. बस मिळत असेल तर बसच्या थांब्यापासून चालत जाता येईल असं घर ठरवल्यापेक्षा थोडं महाग पडलं तरी घ्या. एसटीचा मासिक पास 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस चालतो आणि मार्च 2023 पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. बसमध्ये डोळा लागला तर काही बिघडत नाही, आणि थांब्यापर्यंतचं चालणं हा फुकटचा व्यायाम आहे. जवळ म्हणजे कारखान्याच्या भिंतीला लागून, असा मात्र अर्थ काढू नका. घरात दम्याचा रुग्ण असेल तर धूर येतो त्या बाजूचं घर नको. उन्हाळ्यात पाणी नळाला येतं की टँकरनं, सांडपाणी कुठे जातं, रात्रपाळीनंतर दिवसा झोपायला अंधारी, शांत खोली आहे का, हे फरशीच्या रंगाआधी विचारा.

आता थोडं रागावून बोलावं लागेल. प्रवासानं कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेऊ नका. त्यांनी पोटात जखमा होतात, रक्तदाब वाढतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाणी कमी पडलेल्या शरीरात किडनीला इजा होते. “मणक्याची गादी सरकली” म्हणून चोळून, ओढून बसवून देणाऱ्यांकडे जाऊ नका. नाव नसलेल्या पुड्या तर अजिबात नकोत, त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. तात्पुरतं बरं वाटतं, मागून साखर वाढते आणि हाडं ठिसूळ होतात. झोप उडवायला तंबाखूचा बार किंवा एनर्जी ड्रिंक आणि त्यावर मोबाइलवर आलेला काढा, हा झोपेवरचा उपाय नव्हे. सर्दीची गोळी घेऊन हँडल धरू नका, त्यातल्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. महिलांना एक वेगळं सांगायचं आहे. वाटेत सोय नाही म्हणून घरून निघताना पाणीच न पिणं आणि लघवी तासन् तास रोखून धरणं सोडा. वारंवार होणारी जळजळ आणि मूतखडा यांचं मूळ अनेकदा इथेच असतं.

साध्या कंबरदुखीला मात्र घाबरू नका. बहुतेकांची काही आठवड्यांत हालचाल आणि थोड्या व्यायामानं बरी होते, लगेच एमआरआय लागत नाही. पण पाय लुळा पडू लागला, गाडीच्या सीटला टेकते ती जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. सिग्नलला पापणी मिटणं, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले हे न आठवणं, गाडी पांढऱ्या पट्टीवर जाणं, हे सगळे धोक्याचे इशारे आहेत. त्या क्षणी गाडी बाजूला घ्या आणि वीस मिनिटं झोपा. रात्री मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. छातीवर दाब, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ आणि घाम, याला पित्त म्हणून सोडा पिऊन बसू नका. 108 ला फोन करा, स्वतः गाडी चालवत निघू नका. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक रोजच्या प्रवाशानं वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. सरकारी दवाखान्यात त्याला पैसे पडत नाहीत.

भाडेकरार करायच्या किंवा प्लॉटचा विसार द्यायच्या आधी एक काम करा. रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून जागा पाहून येऊ नका. तुमच्या पाळीच्या वेळेला, कामाच्या दिवशी, तुमच्याच वाहनानं त्या घरापासून कंपनीपर्यंत जा आणि पाळी सुटायच्या वेळेला परत या. मग कागदावर ड्यूटी, रस्ता, जेवण आणि घरकाम मांडा आणि झोपेला किती तास उरतात ते पाहा. सात तास निघत नसतील तर भाडं कितीही कमी असू द्या, ते घर घेऊ नका.