प्रोसेसराच्या गाभ्याची ओळख

आपल्या सांगवींतील पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी पिंपरी, भोसरी किंवा चाकण येथील कारखान्यांत कामास जातो. अशा घरांतील मुलांस एक गोष्ट ठाऊक असते. यंत्राच्या भागाचें ड्रॉइंग एकदां काढलें म्हणजे तें कायमचें ठरलें, असें नसतें. एखादें भोक किंचित् सरकलें किंवा एखादी कड बोथट केली, कीं ड्रॉइंगच्या कोपऱ्यांतील ‘रिव्हिजन’ बदलते. भागाचें नांव मात्र तेंच राहतें. ज्यानें नांव वाचलें पण रिव्हिजन वाचली नाहीं, त्याचा सबंध पाळीचा माल नापास होण्याची भीति असते. संगणकाचा प्रोसेसर हाहि कारखान्यांत घडलेला एक भागच आहे, आणि त्यासहि हाच नियम लागू पडतो.

हा विषय निवडण्याचें कारण व्यवहाराचें आहे. मुलाच्या अभ्यासासाठीं वापरलेला लॅपटॉप विकत घेणारे पालक पुष्कळ असतात. विक्रेता ‘आय-फाइव्ह आहे’ इतकेंच सांगतो, आणि घेणाऱ्यास तें पुरेसें वाटतें. परंतु ‘आय-फाइव्ह’ हें नांव २००९ सालापासून चालत आलेलें आहे. त्या एका नांवाखालीं निरनिराळ्या काळचे व निरनिराळ्या शक्तीचे प्रोसेसर विकले गेले. नांव घराण्याचें आहे. आंतील व्यक्ति कोणती, हें निराळें पाहावें लागतें.

प्रोसेसर म्हणजे सिलिकनच्या लहानशा चकतीवर कोरलेलीं असंख्य विजेचीं कळसूत्रें होत. प्रत्यक्ष हिशेब करणाऱ्या भागास गाभा म्हणतात. गाभ्याच्या रचनेंत मोठा फरक झाला कीं त्यास नवें ‘मॉडेल’ समजतात. त्याच रचनेंत दुरुस्ती किंवा सुधारणा झाली कीं तिला ‘स्टेपिंग’ म्हणतात. सर्वांत व्यापक विभाग तो ‘फॅमिली’. फॅमिली, मॉडेल आणि स्टेपिंग हे तीन आंकडे मिळाले म्हणजे गाभ्याची आवृत्ती बहुधा निश्चित होते.

ही माहिती किती महत्त्वाची ठरूं शकते, हें १९९४ सालीं सर्व जगास कळून आलें. अमेरिकेंतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळसंख्यांचा हिशेब करीत असतां त्यांच्या उत्तरांत मेळ बसेना. कसून शोध केल्यावर दोष त्यांच्या गणितांत नसून इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरांत आहे, असें सिद्ध झालें. भागाकारासाठीं प्रोसेसरांत जें कोष्टक ठेवलेलें असतें, त्यांतील कांहीं रकाने रिकामे राहिले होते. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नें भागिलें असतां उत्तर १·३३३८२० यावयास पाहिजे. सदोष पेंटियम १·३३३७३९ असें उत्तर देई. पुढें दोष काढून टाकलेले पेंटियम बाजारांत आले, परंतु त्यांचेंहि नांव पेंटियमच होतें! चांगला कोणता व सदोष कोणता, हें आंतील आवृत्तीवरून किंवा असा भागाकार करूनच ओळखावें लागे. शेवटीं डिसेंबर १९९४ मध्यें इंटेलनें मागेल त्यास प्रोसेसर बदलून देण्याचें जाहीर केलें, आणि त्यापायीं ४७·५ कोटि डॉलरांचा बोजा सोसला.

आतां प्रत्यक्ष रीत पाहूं. मेजावरील संगणकाचा प्रोसेसर खोबणींतून काढतां येतो व त्याच्या झांकणावरील खुणा वाचतां येतात. लॅपटॉपचा प्रोसेसर बहुधा फळ्यालाच डाख देऊन बसविलेला असतो. आणि बाहेर चिकटविलेली चिठ्ठी कोणीहि बदलूं शकतो. म्हणून प्रोसेसरासच त्याची ओळख विचारावी हें उत्तम. ह्यासाठीं ‘सीपीयूआयडी’ नांवाची आज्ञा त्याच्या आंतच असते. १९९३ च्या पेंटियमपासून ती नित्याची झाली.

विंडोजच्या संगणकावर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘सेट प्रोसेसर’ हे दोन शब्द इंग्रजींत लिहावे व ‘एंटर’ दाबावें. उत्तराच्या एका ओळींत फॅमिली, मॉडेल व स्टेपिंग हे तिन्ही आंकडे ओळीनें दिसतात. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा तेंच काम करते. त्या संगणकावर आय-फाइव्हच्या पुढील संपूर्ण क्रमांकहि वाचून वहींत उतरून घ्यावा.

एक उदाहरण घेऊं. ‘आय-फाइव्ह ७२००यू’ (२०१६) आणि ‘आय-फाइव्ह ८२५०यू’ (२०१७) ह्या दोन प्रोसेसरांचे लॅपटॉप बाहेरून सारखेच दिसतात. दोहोंची फॅमिली ६, दोहोंचें मॉडेल १४२. फरक इतकाच कीं, पहिल्याचें स्टेपिंग ९ व दुसऱ्याचें १०. परंतु ह्या एका अंकाच्या फरकामागें केवढें अंतर आहे पाहा! पहिल्यांत दोन गाभे, दुसऱ्यांत चार. मायक्रोसॉफ्टनें विंडोज ११ साठीं जी प्रोसेसरांची यादी प्रसिद्ध केली, तींत दुसरा आहे, पहिला नाहीं. आणि विंडोज १० चा नेहमींचा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. म्हणजे एकाच किंमतीस दोन्ही मिळत असतील, तर न विचारतां पैसे मोजणाराचें नुकसान उघड आहे.

हे आंकडे येतात कोठून? ‘सीपीयूआयडी’चें उत्तर षोडशमान पद्धतींत असतें, तींत ए म्हणजे १० व ई म्हणजे १४. ८२५०यू चें उत्तर ‘८०६ईए’ असें येतें. उजवीकडून वाचा. पहिलें ए, म्हणजे स्टेपिंग १०. मग ई, हा मॉडेलचा एकंस्थानचा अंक १४. मग ६, ही फॅमिली. शून्य सोडून पुढचा ८ हा मॉडेलचा वरचा अंक; त्यास १६ नें गुणून १४ मिळवावे: ८ × १६ + १४ = १४२. गणिताच्या तासाला शिकलेलें स्थानिक मूल्य येथें असें उपयोगी पडतें.

तीन गोष्टी मात्र ध्यानांत असाव्या. एक, स्टेपिंगची तुलना त्याच मॉडेलपुरती करावी. निराळ्या मॉडेलांत मोठा आंकडा म्हणजे चांगला माल, असें नव्हे. दोन, गाभ्यांची संख्या ह्यावरून ठरत नाहीं. ‘आय-थ्री ८१३०यू’ चें स्टेपिंगहि १० च आहे, पण त्यांत गाभे दोनच. म्हणून पूर्ण नांव व तिन्ही आंकडे एकत्र वाचावे. तीन, यंत्र झिजलें आहे कीं नाहीं, हें ह्या आंकड्यांवरून कळत नाहीं.

हा विचार लहान यंत्रांपुरताच आहे असें समजूं नये. मुळा ओलांडून औंधाच्या पुढें गेलें कीं पाषाण लागतें. तेथील आयसर ह्या विज्ञानसंस्थेंत ‘परम ब्रह्म’ नांवाचा महासंगणक आहे. ‘परम’ ही मालिका पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ च्या ‘परम ८०००’ पासून सुरू केली. ‘परम ब्रह्म’मधील झिऑन प्रोसेसर ‘कॅस्केड लेक’ जातीचे आहेत. त्यांच्या आधींची जात ‘स्कायलेक’. दोन्ही जातींची फॅमिली ६ व मॉडेल ८५. जुन्या जातीचें स्टेपिंग ४, नवीचें ७. जानेवारी २०१८ मध्यें उजेडांत आलेल्या ‘मेल्टडाउन’ नामक दोषावर नव्या जातींत सिलिकनमध्येंच उपाय केलेला आहे. जुनीस तो बाहेरून, प्रणालीच्या दुरुस्तीनें, करावा लागला. महासंगणकाचे पंडितहि अखेर तोच लहान आंकडा वाचतात.

विद्यार्थिमित्रहो, आज घरीं किंवा शाळेच्या प्रयोगशाळेंत एका संगणकाचे तीन आंकडे काढून वहींत लिहा. नंतर हें उदाहरण सोडवा: ‘८०६ई९’ ह्या उत्तरांतील फॅमिली, मॉडेल व स्टेपिंग कोणतें? आणि पालकांनीं यंत्र घेण्यापूर्वीं मुलास बरोबर न्यावें, व दोन मिनिटें त्यास कळफलकावर बसूं द्यावें. ज्या विक्रेत्याचा माल चोख आहे, तो ह्यास आडकाठी करणार नाहीं.