वाण राखणे : कबुतरे आणि कोंबड्या पाळण्याचा छंद



पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी किंवा शंखशिंपले गोळा करण्याचा छंद तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. या छंदांत एक मोठी सोय आहे. जमवलेली वस्तू पेटीत ठेवली की ती वर्षानुवर्षे आहे तशीच राहते. संग्राहकाने दहा वर्षे पेटी उघडली नाही तरी नाण्यावरचा राजा पळून जात नाही. आज ज्या छंदाविषयी लिहावयाचे आहे त्याची गोष्ट याहून निराळी आहे. जातिवंत कबुतरे किंवा जुन्या वाणाच्या कोंबड्या पाळणाऱ्याला आपला ठेवा दर पिढीला नव्याने घडवावा लागतो. कोणता नर कोणत्या मादीशी जोडावा आणि कोणती पिल्ले पुढच्या पैदाशीसाठी ठेवावीत, हे जाणीवपूर्वक ठरवणारा माणूस उरला नाही, तर पक्षी जिवंत राहूनही वाण नाहीसे होते. हे कसे घडते, ते प्रथम समजून घेऊ.

आपल्या देवळांच्या शिखरांवर आणि जुन्या किल्ल्यांच्या तटांत घुमणारा पारवा सर्वांच्या परिचयाचा आहे. आम्ही कोंकणी बोलणारे त्याला 'पारवो' म्हणतो. निळसर राखी अंग, पंखावर दोन काळे पट्टे आणि मानेवर हिरवी-जांभळी झाक असा हा साधा पक्षी. जगातील सर्व पाळीव कबुतरे या एकाच पक्ष्याची संतती आहेत. लक्का कबूतर आपले शेपूट मोराच्या पिसाऱ्यासारखे उभारून चालते. पारव्याच्या शेपटीत बहुधा बारा पिसे असतात, तर लक्क्याच्या शेपटीत ती तीस-चाळीसपर्यंत भरतात. गिरेबाज आकाशात ठिपक्याएवढा दिसेपर्यंत उंच जातो आणि तासन्‌तास उडत राहतो. लोटन जातीच्या कबुतराला हलकेच हलवून जमिनीवर ठेवले की ते कोलांट्या घेऊ लागते. शिराजी आपल्या भारदस्त अंगामुळे आणि रंगांच्या रेखीव विभागणीमुळे ओळखला जातो. शास्त्राच्या दृष्टीने ही सारी एकाच जातीची भावंडे होत. त्यांतील भेद माणसाने निवड करून करून वाढवले. अशा, माणसाने घडवलेल्या पोटजातीला आपण या लेखात 'वाण' म्हणू.

हा छंद आपल्या देशात फार जुना आहे. अबुल फजल याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त अकबर बादशहाच्या कबुतरांचे सविस्तर वर्णन आहे. दरबारात वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, आणि बादशहा निरनिराळ्या वाणांच्या जोड्या लावून त्यांत सुधारणा करीत असे, असे तो सांगतो. पुढे सुमारे अडीचशे वर्षांनी इंग्लंडात चार्ल्स डार्विनने हा ग्रंथ आधारास घेतला. डार्विनने 1855 साली स्वतः कबुतरे पाळावयास आरंभ केला आणि लंडनमधील कबुतरे पाळणाऱ्यांच्या दोन मंडळांचा तो सभासद झाला. हिंदुस्थानातील कबुतरांचे नमुने त्याला वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने मद्रासेहून पाठवले. बेळगावकडील वाचकांना हे ऐकून मौज वाटेल, की 1824 साली कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या सैन्याने जे इंग्रज अधिकारी कैद केले, त्यांत तरुण एलियट होता. 1859 साली प्रसिद्ध झालेल्या डार्विनच्या जगद्विख्यात ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात कबुतरांची चर्चा आहे. माणूस थोड्या शतकांत निवडीने एवढे भेद घडवू शकतो, तर निसर्ग लक्षावधी वर्षांत काय करू शकणार नाही, असा त्याच्या विचाराचा ओघ होता.

डार्विनचा एक प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्याने पांढरी लक्का कबुतरे आणि आणखी दोन वाणांची कबुतरे घेऊन त्यांचा संकर केला, आणि त्या संकरित पिल्लांचा पुन्हा आपसांत संकर केला. तेव्हा नातवंडांत एक पक्षी असा निपजला, की त्याचा निळसर रंग आणि पंखांवरचे दोन काळे पट्टे हुबेहूब रानटी पारव्याचे होते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने जमवलेली रूपे दोनच पिढ्यांच्या संकरात विसकटली. घडण्यास लागणारा काळ मात्र मोठा. जॉन सेब्राइट नावाच्या कुशल पैदासकाराचे म्हणणे डार्विनने नमूद केले आहे : हवे तसे पीस घडवावयास तीन वर्षे पुरतात, पण हवे तसे डोके आणि चोच घडवावयास सहा वर्षे लागतात. सेब्राइटसारखा निष्णात मनुष्य एका बारकाव्यास सहा वर्षे मागतो, यावरून संपूर्ण वाणामागे किती पिढ्यांची चिकाटी असेल याची कल्पना करावी.

आता कोंबड्यांकडे वळू. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 863 पक्ष्यांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करून असे दाखवण्यात आले, की कोंबडी प्रथम माणसाळली ती नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या टापूत. परंतु या कथेत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. गोव्यात मोलेच्या अरण्यात पहाटे ज्याची बांग ऐकू येते, तो करडा रानकोंबडा ही निराळी जाती. पुष्कळ पाळीव कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. तो पिवळेपणा या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे 2008 साली सिद्ध झाले.

आपल्या देशात कोंबड्यांची पंधराहून अधिक वाणे शासनाच्या दप्तरी नोंदली गेली आहेत. हे काम हरियाणातील कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था करते. उंच, ताठ मानेचा, लढाऊ वृत्तीचा असील, मध्य प्रदेशातील झाबुआ भागाचा, कातडी आणि मांसापर्यंत काळा असलेला कडकनाथ, ज्याच्या मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन लाभले, महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील बुसरा, गुजरातेतील अंकलेश्वर, अंदमान-निकोबारची निकोबारी, ही त्यांतील काही नावे.

ही वाणे मागे का पडली, याचे उत्तर हिशेबात आहे. व्यापारी पैदाशीची कोंबडी वर्षाला तीनशे अंडी देते, तर गावठी कोंबडीची संख्या बहुधा शंभराच्या आतच राहते. पण हिशेबाच्या वहीत सर्व गुण लिहिले जात नाहीत. गावठी कोंबडी खुडूक बसते, स्वतः अंडी उबवते, पिल्लांना घारीपासून वाचवते आणि परसात वेचून आपले पोट भरते. व्यापारी कोंबडीतून खुडूक बसण्याची वृत्ती जवळजवळ काढून टाकलेली आहे. तिची पिल्ले यंत्रातच निघतात. काही गावठी कोंबड्यांची मान उघडी, पिसांविना असते. पोरे तिला हसतात. परंतु ही मान अंगातील उष्णता लवकर बाहेर टाकते आणि असा पक्षी उन्हाळा अधिक चांगला सोसतो. दिवसेंदिवस तापत चाललेल्या जगात हा गुण फार मोलाचा ठरेल. एकदा नाहीसा झालेला गुण विकत घेण्याचे दुकान कोठेही नाही.

तर मग वाण राखावे कसे? पहिली गोष्ट गणिताची आहे. समजा, आपणाजवळ दहा पक्षी आहेत. त्यांत एक कोंबडा आणि नऊ कोंबड्या असतील, तर पुढच्या पिढीतील प्रत्येक पिल्लाचा बाप एकच. सारी पिल्ले सख्खी किंवा सावत्र भावंडे होणार. सेवॉल राइट या शास्त्रज्ञाने 1931 साली यासाठी सूत्र दिले. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, आणि त्यास एकूण संख्येने भागावयाचे. वरील उदाहरणात 4 × 1 × 9 ÷ 10 = 3.6 येतात. म्हणजे दिसावयास पक्षी दहा, पण आनुवंशाच्या दृष्टीने चाराहूनही कमी. पाच कोंबडे आणि पाच कोंबड्या ठेवल्या, तर उत्तर 10 येते. कबुतरे जोडीने राहतात, नर-मादी दोघे अंडी उबवतात आणि दोघेही गळ्यातील अन्नपिशवीत तयार होणारे दुधासारखे अन्न पिल्लांना भरवतात. त्यामुळे त्यांच्या ढाबळीत हा समतोल आपोआप साधतो. जवळच्या नात्यात पैदास वारंवार झाली, की अंडी कमी फुटतात आणि पिल्ले दुबळी निपजतात. म्हणून अधूनमधून दुसऱ्या पाळणाऱ्याशी त्याच वाणाच्या नरांची अदलाबदल करावी.

दुसरी गोष्ट वहीची. प्रत्येक पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालावे आणि आईबाप, अंडी घातल्याची तारीख व पिल्लू निघाल्याची तारीख लिहून ठेवावी. कबुतराचे अंडे सुमारे 18 दिवसांत आणि कोंबडीचे 21 दिवसांत फुटते.

तिसरी गोष्ट म्हणजे सारा ठेवा एकाच खुराड्यात न ठेवणे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा रोगाचा फैलाव रोखण्यासाठी लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशी साथ आली असता वाण एकाच गावात असेल, तर एका आठवड्यात त्याचा इतिहास संपतो. दोन-तीन गावांतील घरांनी ते वाटून घेतले, तर एक घर बुडाले तरी दुसऱ्याकडून बीज परत मिळते.

आरोग्याचे नियमही पाळावेत. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाची लस वेळेवर टोचून घ्यावी. नवा पक्षी आणल्यास तीन-चार आठवडे निराळा ठेवावा. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेल्यास फुप्फुसांना अपाय होतो. 2025 साली मुंबईतील कबुतरखान्यांवरून जो वाद झाला, त्यातही हा प्रश्न होता. म्हणून ढाबळ मोकळ्या हवेत असावी, ती पाणी शिंपडून झाडावी आणि झाडताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. असील हे लढाऊ वाण असले, तरी कोंबड्यांची झुंज लावणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. वाण राखावयाचे ते त्याची काया आणि गुण यांसाठी. रक्त पाहण्यासाठी नव्हे. तसेच रानकोंबड्याची अंडी किंवा पिल्ले अरण्यातून आणू नयेत. त्यांस वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

सर्वांच्याच घरी अंगण आणि खुराडे असेल असे नाही. परंतु एक काम प्रत्येकास करता येईल. येत्या सुटीत आजोळी गेल्यावर कोंबड्या पाळणाऱ्या आजीपाशी बसा. आपण ज्यांना सरसकट 'गावठी' म्हणतो, त्यांत तिला कितीतरी प्रकार ठाऊक असतात. कोणती कोंबडी चांगली उबवते, उलट्या पिसांची कोणाकडे आहे, पूर्वी दिसणारी कोणती आता दिसत नाही, हे विचारा आणि गाव, तारीख, रंग, तुऱ्याचा आकार व वजन यांसह लिहून ठेवा. ज्यांची वर्णने अद्याप कोठेच लिहिली गेलेली नाहीत, अशी वाणे खेड्यापाड्यांत असतील, तर ती अशाच नोंदींतून उजेडात येतील. ती वही शाळेत आणा. आपण ती एकत्र वाचू, आणि ज्याच्या घरी जागा असेल त्याने त्यांतील एक वाण पुढच्या पिढीपर्यंत नेण्याचा पत्कर घ्यावा.