खेड्यातला डॉक्टर घडवायला देणगी देताय? आधी हा हिशेब बघा

देणगी किती द्यायची हे आपण पटकन ठरवतो, ती कशावर खर्च व्हावी हे ठरवायचं राहून जातं. ते आधी ठरवा. खेड्यात टिकणारा डॉक्टर तयार होताना पैसा तीन ठिकाणी लागतो: एमबीबीएसची फी, शिकतानाचं राहणं-जेवण, आणि पदवीनंतर ग्रामीण रुग्णालयात अनुभवी डॉक्टरांच्या हाताखाली काढायची दोन-तीन वर्षं. देणगीदारांचा ओढा पहिल्याकडे असतो. खरी अडचण तिसऱ्या ठिकाणी आहे, आणि तुमचे पैसे तिथेच जावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण साधं आहे. साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षाची इंटर्नशिप झाली की मुलगा किंवा मुलगी कागदोपत्री डॉक्टर. पुढे शासकीय महाविद्यालयातल्यांना राज्याचा एक वर्षाच्या सेवेचा बाँड. तो मोडला तर एमबीबीएससाठी दंड दहा लाख रुपये. बाँडमुळे डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचतो, पण तिथे त्याला शिकवायला कुणी नसतं. निकषानुसार मैदानी भागात तीस हजार आणि आदिवासी-डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र. त्यात तान्ह्या बाळाचा न्यूमोनिया, अडलेलं बाळंतपण, सर्पदंश आणि म्हाताऱ्यांचा रक्तदाब एकाच दिवशी दारात येतात. महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रापासून सुरुवात करून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. असं ज्ञान नवख्या डॉक्टरला रुग्णाच्या खाटेशी उभं करूनच द्यावं लागतं. त्यासाठी वरिष्ठ डॉक्टर, राहायची खोली आणि दरमहा विद्यावेतन लागतं. याला पैसे देणारे कमी असतात.

या टप्प्याचा खर्च किती? फॅमिली मेडिसिन या विषयात एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा डीएनबी आहे आणि दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. दोन्ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे, दोन्ही मान्यताप्राप्त रुग्णालयात राहून करायचे. मंडळाच्या नियमावलीतलं किमान विद्यावेतन पहिल्या वर्षी महिना ३५,०००, दुसऱ्या वर्षी ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी ३९,००० रुपये असं आहे. राज्याचा दर जास्त असेल तर तो. किमान दराने तीन वर्षांचे होतात १३,३२,००० रुपये. शिवाय विद्यार्थ्याला मंडळाकडे दरवर्षी भरावी लागणारी अभ्यासक्रमाची फी वेगळी, तीही लाखाच्या पुढे. राहणं, जेवण, पुस्तकं आणखी वेगळी. एकट्याला हे जड आहे. पण तुमच्या सोसायटीतल्या पस्तीस घरांनी दरमहा हजार रुपये दिले, तर एका डॉक्टरचं पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन निघतं. संस्थेला देणगी देताना विचारायचा प्रश्न हाच: ‘तुमच्याकडे एक तरुण डॉक्टर एक महिना ठेवायला सगळं धरून किती खर्च येतो?’ उत्तर लेखी घ्या. ज्या संस्थेकडे याचं उत्तर नाही, तिथे ‘डॉक्टर घडवण्यासाठी’ या नावाने पैसे देऊ नका; हवं तर औषधांसाठी द्या.

एखाद्या हुशार मुलाची फीच भरायची असेल, तर घाई करू नका. सरकार भरणार असलेले पैसे तुम्ही भरू नयेत. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना राज्याने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेरीतून हवा. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. हे सगळं राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. त्यामुळे विद्यार्थ्याकडे तीन कागद मागा: प्रवेशाचं पत्र, महाविद्यालयाने दिलेला फीचा तक्ता, महाडीबीटीच्या अर्जाची स्थिती. उरलेली खरी गरज बहुतेक मेस, वसतिगृहाची अनामत, पुस्तकं आणि प्रवासाची असते. तेवढीच भरा. नवी मुंबईतल्या अभिमत विद्यापीठांत एका वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते. तेवढ्या पैशात ग्रामीण रुग्णालयात एक डॉक्टर तीन वर्षं शिकतो. अशा जागेसाठी वर्गणी मागितली तर सरळ नाही म्हणा.

थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे टाकण्याचे दोन तोटे आहेत. तुम्हाला करसवलत शून्य. आणि नात्याबाहेरच्या सगळ्यांकडून मिळून त्याला वर्षाला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळाले, तर पूर्ण रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाते. म्हणून फी भरायचीच असेल तर महाविद्यालयाच्या खात्यात भरा, पावती विद्यार्थ्याच्या नावाची घ्या.

आता संस्था. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली. ती कस्तुरबा हेल्थ सोसायटी चालवते. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका दत्तक गावात राहून शिबिर करतात, आणि तिथल्या पदव्युत्तर जागेसाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट घालण्याची परंपरा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ १९८६ पासून. तिच्या ‘निर्माण’ उपक्रमातून तरुण डॉक्टर ग्रामीण आणि आदिवासी भागात कामाला जातात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेला प्रकल्प गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी जगभर ओळखला जातो. हेमलकशाचं लोकबिरादरी रुग्णालय, मेळघाटात डॉ. आशीष सातव यांची ‘महान’, चिपळूण तालुक्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालय, ही आणखी काही नावं. कोकणातले असाल तर डेरवण जवळचं: पनवेलहून कोकण रेल्वेने सावर्डे. सेवाग्रामसाठी ठाणे किंवा कल्याणहून विदर्भ एक्स्प्रेसने वर्धा. मोठी रक्कम द्यायची असेल तर एकदा जाऊन या. आधी फोन करा, आणि तिथे शिकत असलेल्या तरुण डॉक्टरशी पंधरा मिनिटं बोलायला मिळेल का ते विचारा. राउंडला सोबत कोण असतं, रात्री अडलं तर फोन कुणाला करतोस, विद्यावेतन वेळेवर मिळतं का, एवढं विचारलंत तरी खूप कळेल.

कागदपत्रांची तपासणी अर्ध्या तासाची आहे. सार्वजनिक न्यास असेल तर नोंदणी क्रमांक मागा. त्यात ‘ई’ किंवा ‘एफ’ हे अक्षर आणि पुढे जिल्ह्याचं नाव असतं. नोंदणी त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात असते, तुमच्या जिल्ह्याच्या नाही. पावतीवर संस्थेचा पॅन बघा. दहा अक्षरांपैकी चौथं अक्षर न्यासाला सहसा ‘टी’ किंवा ‘ए’, सेक्शन आठ कंपनीला ‘सी’. तिथे ‘पी’ असेल तर तो एखाद्या माणसाचा पॅन आहे. व्यवहार तिथेच थांबवा. करसवलतीसाठी लागणाऱ्या ८०जी मान्यतेचा क्रमांकही त्याच दहा अक्षरांनी सुरू होतो. ही मान्यता मुदतीची असते, बहुधा पाच वर्षांची, नव्या संस्थेला तात्पुरती तीन वर्षांची. मुदत संपलेली पावती कितीही सुंदर छापलेली असली तरी तुमच्या कामाची नाही.

लेखापरीक्षित हिशेब मागा: शेड्यूल आठ म्हणजे ताळेबंद, शेड्यूल नऊ म्हणजे जमा-खर्च. शेड्यूल नऊच्या खर्चाच्या बाजूला ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असा मथळा असतो आणि त्याखाली धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत अशा ओळी. प्रशिक्षणाला पैसे मागणाऱ्या संस्थेची ‘शैक्षणिक’ ओळ दोन-तीन वर्षं सलग कोरी असेल, तर कारण विचारा. पटण्यासारखं कारण असू शकतं, काही जण विद्यावेतन ‘वैद्यकीय मदती’त दाखवतात. पण विचारा.

करसवलतीबद्दल गैरसमज फार. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची सवलत नाही. जुनी निवडली तरच फायदा, तोही अशा संस्थांना बहुधा अर्ध्या रकमेवर. एक लाख दिलेत, तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात आहात, तर पन्नास हजारांची वजावट आणि उपकरासह १५,६०० रुपयांची बचत. खिशातून गेले ८४,४००. वीस टक्क्यांवाल्याची बचत १०,४००. शिवाय वरची मर्यादा: समायोजित उत्पन्नाच्या दहा टक्के. आठ लाख उत्पन्नावर एक लाख दिलेत तर हिशेबात धरतात ऐंशी हजार आणि वजावट मिळते चाळीस हजारांची. रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर सवलत नाही. यंत्रं, पुस्तकं, अंथरुणं अशी वस्तुरूप मदत केली तरी नाही. ‘शंभर टक्के करमुक्त’ असं कुणी म्हणालं तर कोणत्या कलमाखाली ते लिहून मागा.

देताना तुमचा पॅन द्या. संस्थेने ती नोंद आयकर खात्याला पाठवली तरच तुमचं प्रमाणपत्र तयार होतं. आजवर ते फॉर्म १०बीई या नावाने ३१ मेपर्यंत मिळत आलं आहे. नुसत्या पावतीवर विवरणपत्र भरू नका. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलतात, म्हणून पावतीवर कोणता क्रमांक आहे ते सीएला दाखवून घ्या. आणि ३१ मार्चच्या रात्री पैसे पाठवू नका. व्यवहार अडकला तर वर्ष बदलतं.

छुपे खर्च आता. बँकेतून ऑनलाइन एनईएफटी केलीत तर बचत खात्याला शुल्क नाही, पूर्ण रक्कम पोहोचते. क्रेडिट कार्डाने दहा हजार दिलेत आणि गेटवेचा दर दोन टक्के असला, तर जीएसटीसह २३६ रुपये वाटेतच गेले. वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळांवर शेवटच्या पडद्यावर ‘टिप’ आधीच भरलेली असते. ती शून्य करता येते, बटण लहान असतं, शोधा. कार्यक्रमाचं तिकीट काढून ‘मदत’ केलीत तर जेवण आणि सभागृहाचा खर्च त्यातूनच जातो, आणि तिकिटाच्या पैशांना सहसा सवलत मिळत नाही. नावाची पाटी, फोटो, दीपप्रज्वलन मागू नका. तो खर्चही कुणाच्या तरी विद्यावेतनातून येतो.

मोठी रक्कम कायम निधी म्हणून द्यायची असेल तर आकडा नीट समजून घ्या. दहा लाख सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सत्तर हजार, म्हणजे महिन्याला ५,८३३ रुपये. एवढ्यात डॉक्टर शिकत नाही, त्याची मेस भागते. त्यापेक्षा तेच दहा लाख तीन वर्षांत खर्च करायला दिलेत तर एका डॉक्टरच्या प्रशिक्षणाचा बराचसा भार निघतो. तरीही कायम निधीच हवा असेल तर पत्रात स्पष्ट लिहा: ‘ही रक्कम कॉर्पस म्हणून असून तिचं व्याज फक्त ग्रामीण डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हावं.’ लेखी सूचना नसेल तर ती साधी देणगी ठरते.

तुमचा मुलगा अमेरिकेत असेल आणि तोही देणगी देणार असेल, तर त्याचा पासपोर्ट कोणता, हे आधी बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने बँकेमार्फत पाठवलेली स्वतःची बचत परदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी ठरते. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच जायला हवेत. त्याचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवून देऊ नका. त्रास संस्थेला होतो.

सोसायटीत किंवा ऑफिसात वर्गणी काढणार असाल तर सचिवांच्या वैयक्तिक खात्यात पैसे गोळा करू नका. बाहेरच्या लोकांकडून मागायचं तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. सोपा मार्ग म्हणजे प्रत्येकाने थेट संस्थेला द्यावं आणि पावत्या व्हॉट्सअॅप गटावर टाकाव्यात. महापे-रबाळेतल्या मोठ्या कंपनीत असाल तर सीएसआर विभागाला विचारा. संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी हवी.

पैसे दिल्यावर सहा महिन्यांनी एक पत्र पाठवा: किती डॉक्टर आले, किती टिकले, सोडून गेलेले का गेले? टिकलेल्यांइतकीच सोडून गेलेल्यांची माहिती देणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षीही द्या. सुरुवात एका वर्षाच्या दरमहा रकमेने करा, आणि तिच्यासोबतच्या पहिल्या पत्रातच लिहा: हे पैसे तरुण डॉक्टरच्या विद्यावेतनासाठी आहेत, इमारतीसाठी नाहीत.