आरोपाविना बंदिवास

शिक्षा आणि स्थानबद्धता या दोन गोष्टींत सामान्य माणूस फारसा भेद करीत नाही. दोन्हींत माणूस गजांआडच जातो. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या दोन टोकांच्या गोष्टी आहेत. शिक्षा होते ती घडलेल्या कृत्याबद्दल. स्थानबद्धता होते ती पुढे काही घडेल या भीतीपोटी. घडलेल्या कृत्याला दिवस असतो, जागा असते, साक्षीदार असतात. न घडलेल्या कृत्याला यांपैकी काहीच नसते. मग आरोपी म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाने खोडून काढायचे तरी काय? पॅलेस्टिनी लोकांच्या प्रशासकीय स्थानबद्धतेचा विचार करताना हा प्रश्न सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

हे हत्यार आपल्याला अपरिचित नाही. रँडच्या वधानंतर १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना मुंबई सरकारने १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय धरून ठेवले होते. स्वातंत्र्यानंतर आपल्याच घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा दिली, आणि १९७५ ते १९७७ या काळातले मिसाबंदी तर अनेक घरांच्या आठवणीत आहेत. साम्राज्य एकच होते. पॅलेस्टाईनमध्येही हे हत्यार इंग्रजांनीच आणले.

पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांचा अंमल असताना १९४५ साली संरक्षणविषयक आणीबाणीचे नियम जारी झाले. त्यांतील १११ व्या नियमाने लष्करी अधिकाऱ्याला कोणालाही खटल्याविना डांबून ठेवण्याचा अधिकार मिळाला. तेव्हा हा बडगा प्रामुख्याने ज्यू संघटनांवर उगारला गेला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९४६ च्या फेब्रुवारीत तेल अवीव येथे ज्यू वकिलांची परिषद भरली आणि तिने या नियमांचा कडक शब्दांत निषेध केला. त्या परिषदेत सर्वांत जळजळीत बोलणाऱ्यांपैकी एक होते याकोव शिमशोन शापिरा. पुढे हेच शापिरा इस्रायलचे ॲटर्नी जनरल झाले आणि १९६६ साली न्यायमंत्री. त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात, १९६७ च्या जूनमध्ये, वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात आले आणि ज्या नियमांविरुद्ध ते बोलले होते, त्यांच्याच आधारे पॅलेस्टिनी माणसे स्थानबद्ध होऊ लागली. इतिहासात अशा कोलांट्या विरळा नाहीत, पण इतकी सरळसोट क्वचितच सापडते.

आता प्रत्यक्ष पद्धत पाहू. खुद्द इस्रायलमध्ये १९७९ च्या कायद्याने जुना नियम बाजूला सारला आणि स्थानबद्धतेचा अधिकार संरक्षणमंत्र्याकडे दिला. वेस्ट बँकेत मात्र लष्करी हुकूम चालतो. आज तो १६५१ क्रमांकाचा आहे. लष्करी सेनापती सहा महिन्यांपर्यंतचा आदेश काढतो. आठ दिवसांच्या आत बंद्याला लष्करी न्यायाधीशापुढे उभे करतात. न्यायाधीश आदेश कायम करू शकतो, मुदत कमी करू शकतो, रद्दही करू शकतो. त्यावर अपील आहे, आणि वर इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाचे दारही उघडे आहे. कागदावर पाहिले तर न्यायाची सगळी पायरी-पायरीची व्यवस्था येथे दिसते.

परंतु न्यायालयात घडते काय? सुनावणी बंद दाराआड होते. पुराव्याचे नेहमीचे नियम बाजूला ठेवण्याची मुभा असते. पुरावा गुप्त फाईलमध्ये असतो. ती फाईल न्यायाधीश वाचतो, सरकारी बाजू जाणते, बंदी आणि त्याचा वकील यांना मात्र ती दाखवली जात नाही. त्यांच्या हाती येतो तो एखाद-दोन वाक्यांचा गोषवारा: अमुक संघटनेत सक्रिय, प्रदेशाच्या सुरक्षिततेला धोका. वकिलाने विचारावे, कधी? कुठे? कोणाबरोबर? उत्तर एकच, ते गुप्त आहे. खुनाच्या आरोपीला निदान म्हणता येते की त्या रात्री मी गावातच नव्हतो. येथे ती रात्रच कोणी सांगत नाही. अशा लढाईत वकील हा बहुधा अंधारात काठी फिरवणारा माणूस ठरतो. स्थानबद्ध मंडळींनी या न्यायालयांवर वेळोवेळी सामुदायिक बहिष्कार घातला, त्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही.

आणि मुदत? सहा महिने संपले की दुसरा आदेश निघू शकतो, मग तिसरा. किती वेळा, याला मर्यादा नाही. शिक्षा झालेला कैदी भिंतीवर दिवस खोडत जातो, कारण त्याला शेवटची रेघ ठाऊक असते. स्थानबद्धाच्या घरी मुलीचे लग्न ठरवायचे की थांबायचे, हेही कोणाला सांगता येत नाही. पॅलेस्टिनी विधिमंडळाच्या सदस्या खालिदा जरार २०१७ च्या जुलैपासून २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत अशाच लागोपाठच्या आदेशांवर आत होत्या. २०२३ च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा नेले, ते २०२५ च्या जानेवारीतील कैद्यांच्या देवघेवीपर्यंत.

इस्रायलची बाजू अशी की खबऱ्यांची नावे उघड केली तर त्यांचे प्राण जातील, आणि हल्ला होईपर्यंत हात बांधून बसता येत नाही. ही अडचण खोटी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. चौथ्या जिनिव्हा कराराचे ७८ वे कलमही सुरक्षिततेच्या अटळ कारणासाठी, फेरतपासणीच्या अटीवर, स्थानबद्धतेला परवानगी देते. पण तो अपवाद आहे. अपवादाचा नित्यक्रम झाला म्हणजे कलमाचा अर्थच उरत नाही. बेत्सेलेम या इस्रायली मानवी हक्क संस्थेच्या नोंदीनुसार पहिल्या इंतिफादाच्या भरात, १९८९ च्या नोव्हेंबरात, १,७९४ पॅलेस्टिनी स्थानबद्ध होते. मधल्या काही वर्षांत संख्या बरीच उतरली. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याच्या आधीच ती पुन्हा १,३०० वर पोचली होती, आणि २०२४ मध्ये तिने ३,००० चा आकडा ओलांडला. एवढ्या हजारो माणसांच्या बाबतीत, प्रत्येकाचे स्वतंत्र अटळ कारण एकेका बंद फाईलमध्ये आहे, असे मानणे जड जाते.

जेथे बोलून उपयोग नाही, तेथे माणूस शरीर पणाला लावतो. जेनीनजवळच्या अराबा गावचे खादर अदनान यांनी २०११-१२ साली स्थानबद्धतेविरुद्ध ६६ दिवस अन्नत्याग केला. आदेशाचे नूतनीकरण न करण्याच्या बोलीवर तो सुटला. त्याच वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये शेकडो कैद्यांनी सामुदायिक उपोषण केले. अदनान २ मे २०२३ रोजी तुरुंगात उपोषणातच वारले. त्या वेळी मात्र ते स्थानबद्ध नव्हते, त्यांच्यावर रीतसर आरोपपत्र होते. हा तपशील अनेक ठिकाणी गाळला जातो, म्हणून मुद्दाम नोंदवला.

वेस्ट बँकेतल्या ज्यू वसाहतवाल्यांपैकीही काहींना, फारच थोड्यांना, याच मार्गाने स्थानबद्ध करीत असत. २०२४ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री इस्रायल काट्झ यांनी जाहीर केले की यापुढे वसाहतवाल्यांविरुद्ध असे आदेश निघणार नाहीत. कोणी गुन्हा केल्याचा संशय असेल तर त्याच्यावर खटला भरता येईल. पॅलेस्टिनी बंद्यांचा त्या घोषणेत समावेश नव्हता.