विम्याचा कागद आणि जुना आजार

आमच्या रात्रीच्या वर्गात एक काका येतात. वय साठीच्या पुढे. डोक्याला टोपी, हातात काठी. काठी म्हातारपणाची नव्हे. त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे नाहीत. काका म्हणतात, "अक्षरं आधी शिकलो असतो, तर बोटं राहिली असती का, ते ठाऊक नाही. पण म्हैस राहिली असती." त्या म्हशीची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. काकांना विचारूनच सांगत आहोत.

काकांना साखरेचा आजार आहे. डॉक्टर त्याला मधुमेह म्हणतात. तो २०१६ साली कळला. हा आजार ताप-खोकल्यासारखा चार दिवसांत जात नाही. एकदा आला की घरचाच होऊन राहतो. रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचे दुखणे हे त्याचेच भाऊबंद. रोज गोळी, वरचेवर तपासणी. घरात आणखी एक माणूस जेवायला बसावा, तसा त्याचा खर्च.

२०२३ च्या उन्हाळ्यात एक विमा एजंट काकांच्या ओसरीवर आला. म्हणाला, "वर्षाचा हप्ता भरा. दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर बिल कंपनी देईल." काकांनी आपणहून साखरेचे सांगितले. तो म्हणाला, "ते लिहायचं नाही, काका. लिहिलं की हप्ता वाढतो, नाहीतर अर्जच परत येतो." अर्ज त्याच्या मोबाईलमध्ये होता. काकांच्या मोबाईलवर काही आकडे आले. एजंटाने ते विचारून घेतले. काकांनी सांगितले. झाले! ते आकडे सांगणे म्हणजेच सही करणे. अर्जात प्रश्न होता, "पूर्वीचा काही आजार आहे काय?" त्यापुढे "नाही" असे पडले होते. काकांना तेव्हा वाचता येत नव्हते.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. साखर फार दिवस अंगात राहिली की पायाची जाणीव कमी होते. काटा कळला नाही. जखम चिघळली. तालुक्याच्या एका खाजगी रुग्णालयात दोन बोटे काढावी लागली. बिलासाठी कंपनीकडे दावा गेला. कंपनीने जुने कागद मागितले. रुग्णालयाच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिले होते, "मधुमेह, ८ वर्षे." कंपनीने दावा नाकारला आणि विमाही रद्द केला. बिल भरायला दुभती म्हैस विकली.

आम्ही वर्गात विचारले, "खोटं कोण बोललं?" सगळे म्हणाले, "एजंट!" खरे आहे. पण अर्जावर नाव कुणाचे होते? काकांचे. एजंट हप्ता घेऊन गेला, आणि खोटेपणा काकांच्या नावावर राहिला. आम्हाला याचा राग येतो. पण रागाने बिल भरले जात नाही. म्हणून हे कसे चालते, ते नीट समजून घेऊ.

विमा हा थोडाफार भिशीसारखा आहे. पुष्कळ लोक थोडे थोडे पैसे घालतात. भिशीत प्रत्येकाची पाळी येते. विम्यात तसे नाही. जो दवाखान्यात पडेल, त्याच्या बिलाला पैसे मिळतात. बाकीच्यांचे हप्ते त्यात जातात. आता सगळेच तहान लागल्यावर विहीर खणायला आले, तर भिशी बुडेल. म्हणून कंपनी आधीच विचारते, कोणता आजार आहे?

आजार सांगितला तर काय होते? तीनपैकी एक. कंपनी हप्ता वाढवते. किंवा म्हणते, "या जुन्या आजाराचं बिल काही काळ देणार नाही." किंवा सरळ नाही म्हणते. यातला मधला प्रकार सर्वांत जास्त दिसतो. त्याला आपण थांबण्याचा काळ म्हणू. पूर्वी हा काळ ४ वर्षांपर्यंत असे. २०२४ साली विमा नियामकाने नियम बदलला. आता तो जास्तीत जास्त ३६ महिने, म्हणजे ३ वर्षे असतो. तेवढे हप्ते न चुकता भरले की जुन्या आजारासाठीही विमा लागू होतो. एखादा हप्ता पार बुडाला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वर्षाच्या हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते. पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. त्या दिवसांत भरती झालात, तर बिल अडू शकते.

आणि एक चांगला नियम ध्यानात ठेवा. मागल्या वर्षी तुम्ही दावा केला, एवढ्यासाठी कंपनी विमा पुढे चालू ठेवायला नकार देऊ शकत नाही. कायमच्या आजाराच्या माणसाला याचा मोठा आधार आहे.

वर्गातला एक चतुर गडी म्हणाला, "गुरुजी, मी ऐकलंय, पाच वर्षं गप्प राहिलं की कंपनीला काही करता येत नाही." त्याने ऐकले ते अर्धे खरे. विमा सलग ६० महिने चालला, तर माहिती दिली नाही म्हणून कंपनी दावा नाकारू शकत नाही. पण फसवणूक सिद्ध झाली, तर नाकारू शकते. जाणूनबुजून लपवणे ही फसवणूकच ठरू शकते. शिवाय काटा काही पाच वर्षे थांबत नाही! काकांचा नवव्या महिन्यात मोडला.

तर अर्ज भरताना घाई करू नका. अर्ज इंग्रजीत असेल, तर मराठीत सगळा वाचून दाखवायला सांगा. समजावून सांगणाऱ्यानेही खाली सही करायची असते. ती त्याच्याकडून घ्या. आजार कोणता, कोणत्या सालापासून, गोळी कोणती, हे लिहा. उत्तरे वाचल्याशिवाय मोबाईलवरचे आकडे कुणाला सांगू नका. विमापत्र हाती आल्यापासून ३० दिवसांत ते परत करता येते. त्या दिवसांत घरातल्या शिकल्यासवरल्या पोराला बसवा आणि आजाराच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते पाहा. चुकीचे असेल, तर कंपनीला लगेच लेखी कळवा. दवाखान्याच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. आमच्याकडे त्या देवळीत उंदीर खातात.

ज्यांना हप्ता झेपत नाही, किंवा कंपनीने नाही म्हटले, त्यांनी काय करावे? आपल्या राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती ८ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झाली. नंतर सगळ्या राज्यात आली. २०२३ साली सरकारने कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा निर्णय केला. तिथे आपल्याला हप्ता नाही, आणि जुन्या आजारासाठी थांबण्याचा काळही नाही. मूत्रपिंड बिघडलेल्यांचे रक्त शुद्ध करण्याचे काम, म्हणजे डायलिसिस, तीत होते. मात्र रुग्णालय योजनेतले हवे, आणि उपचार योजनेच्या यादीतला हवा. अशा रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन भरती होण्याआधीच त्याला गाठा. १५५३८८ या क्रमांकावरही विचारता येते. काकांना हे ठाऊक नव्हते. ते गेले ते रुग्णालय योजनेत नव्हते.

रोजच्या गोळ्यांचे पैसे या योजनेतून मिळत नाहीत. साध्या विम्यातूनही बहुधा मिळत नाहीत. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. तिथे जायला लाजू नका.

खरे लिहूनही कंपनीने दावा नाकारला, तर आधी कंपनीलाच लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्याची कचेरी मुंबईला आहे, पुण्यालाही आहे. फी नाही, वकील लागत नाही. पण कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. काका आमच्या वर्गात आले, तेव्हा ते वर्ष उलटून गेले होते.

यंदा काकांनी काकूंसाठी विम्याचा अर्ज मागवला. काकूंना रक्तदाब आहे. एजंट दुसरा होता, पण बोलणे तेच. काका म्हणाले, "थांबा, मोबाईल इकडे द्या." मग बोट फिरवत, अडखळत त्यांनी सगळे प्रश्न मोठ्याने वाचले. आजाराच्या प्रश्नापुढे "होय" लिहायला लावले, आणि मगच आकडे सांगितले. कंपनीने हप्ता थोडा जास्त लावला, आणि रक्तदाबासाठी ३ वर्षे थांबायला सांगितले. काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर हप्त्याच्या तारखेला कुंकवाची खूण केली आहे.