आल्याचा रस आणि मिक्सरचा वेग

आलं बेतानं खा, असं लहानपणी मला कुणी बजावल्याचं आठवत नाही. बजावायची वेळच येत नसे. बोटाच्या पेराएवढं आलं किसणीवर किसायचं, सुती फडक्यात घालून घट्ट पिळायचं, की हाती यायचा तो जेमतेम चमचाभर रस. त्यात मध कालवून खोकणाऱ्या पोराला चाटवला की काम झालं. किसणाऱ्याचा हातही तोवर भरून आलेला असायचा. मिक्सरनं हा अडसर काढून टाकला. पाव किलो आलं अर्ध्या मिनिटात वाटून होतं, त्याचा वाटीभर रस निघतो आणि लहानशा ग्लासातून तो एका दमात पिताही येतो. जिंजर शॉट म्हणून हल्ली जे घरोघरी चाललंय, त्यात मला धास्ती वाटते ती या सोपेपणाची. थंडीत मी स्वतःही तो करते, आवडीनं घेते. पण किती आणि कुणी घ्यायचा, याचा विचार केल्याशिवाय मिक्सरचं बटण दाबू नये, हे आमच्या घरात जे घडलं त्यावरून सांगते आहे.

माझे मोठे दीर, आमचे भाऊजी, सातारा जिल्ह्यात कोरेगावकडे शेती करतात. आल्याचा पट्टाच आहे तो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गादीवाफ्यांवर लागण होते आणि संक्रांत उलटली की काढणीची धांदल. त्या दिवसांत घरात आलं किलोवर नाही, पोत्यावर असतं. भाऊजींच्या हृदयाची एक झडप बदललेली आहे. धातूची कृत्रिम झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची, आणि आयएनआर नावाची रक्ताची तपासणीही ठरल्या वेळी करायचीच. हा आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी धरायची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

गेल्या हिवाळ्यात पुतण्यानं मोबाइलवर पाहून आल्याचे शॉट करायला सुरुवात केली. आलं, ओली हळद, मिरी, लिंबू. भाऊजींना सर्दी होतीच, तेही रोज सकाळी अनशापोटी घेऊ लागले. ‘घरचं आलं आहे, त्यात घाबरायचं काय?’ असं ते म्हणत, आणि कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. मग एका सकाळी जाऊबाईंना बेसिनमध्ये रक्त दिसलं. दात घासताना हिरड्यांतून येत होतं आणि लवकर थांबेना. दंडावर, काही लागलेलं नसताना, काळेनिळे डाग होते. त्यांनी त्याच दिवशी भाऊजींना दवाखान्यात नेलं. जो आकडा साडेतीनच्या आत हवा, तो पाचच्या वर गेला होता.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘काका, खाण्यापिण्यात नवीन काय सुरू केलंत?’ भाऊजी म्हणाले, ‘काही नाही.’ आल्याचं नाव जाऊबाईंनी काढलं. डॉक्टर तेव्हा जे बोलले ते मला महत्त्वाचं वाटतं. एकट्या आल्यावर बोट ठेवणार नाही, म्हणाले. सर्दीच्या गोळ्यांनी, जेवण कमी झाल्यानंही आकडा हलतो. पण आल्यामुळे रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटण्याचं काम मंदावू शकतं, हळदीचंही तसंच, आणि मिरीमुळे काही औषधं शरीरात जास्त शोषली जातात. गोळी नाजूक तोलावर चाललेली असताना हे तिन्ही रोज, एवढ्या प्रमाणात, नकोच. गोळीचा डोस त्यांनी काही दिवस बदलून दिला, शॉट बंद झाले, आकडा जागेवर आला. चहातलं आलं मात्र त्यांनी बंद केलं नाही.

चहातलं चालतं आणि ग्लासातलं नाही, हे कसं? सगळा हिशेब मात्रेचा आहे. ओल्या आल्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं. म्हणजे 5 ग्रॅम ओलं आलं हे साधारण 1 ग्रॅम सुंठीच्या जवळपास जातं. मळमळीवर आल्याचे जे प्रयोग झाले, त्यांत दिवसाला 1 ग्रॅमच्या आसपास सुंठ दिली जाते. दोन कप चहाला आपण ठेचून टाकतो ते आलं 4-5 ग्रॅम भरेल. पुतण्या एका ग्लासासाठी मूठभर गड्डे टाकायचा. वजन केलं असतं तर तिशी सहज पार झाली असती. काही भाग चोथ्यात राहतो हे खरं, पण उरतो तोही चहाच्या कितीतरी पट.

म्हणून माझं प्रमाण सांगते. 50 ग्रॅम आलं, 200 मिली पाणी, दोन लिंबं. याचे 30 मिलीचे नऊ-दहा वाटे होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 5 ग्रॅम आलं येतं. झणझणीतपणा एवढ्यातही पुष्कळ असतो. घसा पेटायलाच हवा असा हट्ट नको. घरात लहान वजनकाटा असेल तर तो वापराच, कारण आल्याच्या गड्ड्यावरून वजनाचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो.

आलं शक्यतो कोवळं घ्यावं. साल नखानं निघेल असं. जून आल्यात दोरे फार, आणि मिक्सरचं भांडं खराब होतं ते त्यांच्यामुळे. लांबट तुकडे टाकले की ते दोरे पात्याच्या बुडाशी, आसाभोवती गुंडाळत जातात; बाहेरून काही दिसत नाही, फक्त आवाज जड होतो आणि तापलेल्या मोटरचा वास यायला लागतो. तिथेच थांबायचं. यावर उपाय सोपा आहे. आलं दोऱ्यांना आडवं, पातळ चकत्यांत चिरायचं. आधी चटणीच्या भांड्यात थोड्या पाण्याबरोबर थांबत थांबत फिरवायचं, मग उरलेलं पाणी घालून एकदा सलग. परदेशी पाककृतीत दिसतात ते मोठे ब्लेंडर निराळे, आणि आपल्याकडे ज्यूससाठी मिळणारी छोटी यंत्रं निराळी. त्या छोट्यांना जून आलं झेपत नाही. 1960च्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी सुमीत मिक्सर उभा केला तो बाहेरची यंत्रं आपल्या वाटण-घाटणापुढे टिकत नव्हती म्हणून. दणकट मिक्सरही मध्येच बंद पडला तर घाबरू नका. प्लग काढा, गार होऊ द्या आणि तळाशी लाल बटण असेल तर ते दाबा. गरम पाणी घालून मात्र कधीच फिरवू नका. कोंडलेली वाफ झाकण उडवते, आणि आल्याचं ते तिखट पाणी डोळ्यांत गेलं तर माणूस कळवळतो.

वाटण झालं की आधी गाळणीतून आणि मग ओल्या सुती फडक्यातून गाळावं. रस लगेच बाटलीत भरण्याची घाई करू नये. अर्धा-पाऊण तास तसाच ठेवला की तळाला पांढरा साका बसतो. तो आल्यातला पिठूळ अंश. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा, साका मागे ठेवायचा. पिताना घशाला जो खरखरीतपणा जाणवतो, त्यातला बराचसा यानं जातो. लिंबू यानंतर पिळायचं. सालीबियांसकट मिक्सरमध्ये टाकलेलं लिंबू कडवट होतं आणि मग कितीही मध घाला, ती चव हटत नाही. भरायला काचेची बाटली घ्या. आरोग्याचं म्हणून तांब्याच्या बाटलीत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. लिंबाचा रस तांब्यापितळेत कळकतो, तो पोटात जाणं धोक्याचं.

फ्रीजमध्ये हा रस तीन-चार दिवस ठेवावा, त्यापुढे नाही. बाहेर राहिला तर आंबतो आणि गच्च बंद बाटलीत वायू कोंडतो. मी तो बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवते. दोन खण म्हणजे एकाचा वाटा. सकाळी कोमट पाण्यात विरघळवायचा, मध हवा तर तेव्हाच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही चाटवू नये; त्या वयात मधातल्या जिवाणूंपासून गंभीर विषबाधा होऊ शकते.

अनशापोटी घ्यायचा हट्ट कशासाठी, हे मला कळत नाही. छातीत जळजळणाऱ्यांनी तर नाश्त्यानंतरच घ्यावा, किंवा घेऊच नये. प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि अर्धा तास तरी ब्रश करू नये, कारण लिंबाच्या आम्लानं दातांचं वरचं कवच तेवढा वेळ मऊ पडलेलं असतं. रक्त पातळ करणारी गोळी, ॲस्पिरिनसुद्धा, पित्ताशयातले खडे, मधुमेहाची औषधं, ठरलेली शस्त्रक्रिया, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि विचारताना ‘आलं खाऊ का?’ असं नका विचारू, त्याला हो असंच उत्तर मिळेल. किती ग्रॅम, रोज की कधीतरी, सोबत काय काय, हे सांगा.

हे सगळं आजचंच आहे असंही नाही. भावमिश्रांनी सोळाव्या शतकात भावप्रकाशात जेवणाआधी मिठाबरोबर आलं खाणं पथ्यकर म्हटलं आणि तिथेच ग्रीष्मात, शरदात, दाह होत असताना, रक्तपित्तात म्हणजे रक्तस्रावाच्या विकारात ते नको म्हणूनही लिहून ठेवलं. ऑक्टोबरच्या उन्हात मी शॉट करत नाही ते त्यामुळे.

उरलेला चोथा टाकू नका. आलेपाकाच्या वड्यांत जिरतो, नाहीतर ताटात पसरून कडक वाळवा आणि चहाच्या मसाल्यात घाला. वाळताना आल्यातल्या तिखट अंशाचं रूप बदलतं आणि तो आणखी जहाल होतो, तेव्हा हा मसाला चहात चिमटीनंच टाकायचा.