मीन गुरू आणि गुरुवारची रात्र

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ती कथा आपण दत्तभक्त लहानपणापासून ऐकत आलो आहोत. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, सात ते नऊ या तीन अध्यायांत ती येते. भगवान श्रीकृष्ण ती उद्धवाला सांगतात. कीर्तनकार मंडळी पृथ्वीच्या क्षमेवर, कपोताच्या मोहावर, पिंगलेच्या वैराग्यावर रंगून बोलतात. माशापाशी मात्र फार कोणी थांबत नाही. आमिषाच्या लोभाने मासा गळाला लागला आणि मेला, म्हणून जीभ आवरावी, एवढं सांगून पुढे जातात. मीही चाळीस वर्षं तसाच पुढे जात होतो. निवृत्तीनंतर हा गुरू मला आमच्याच स्वयंपाकघरात भेटला, रात्री साडेअकरा वाजता. त्याविषयी लिहायला संकोच वाटतो. पण हे दुखणं आपल्यातल्या पुष्कळ घरांत असावं आणि ते लपवलं जात असावं, अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून लिहितो.

गुरुवारचा उपवास आमच्याकडे वडिलांपासून चालत आलेला. बँकेत छत्तीस वर्षं क्लार्क म्हणून काढली. काउंटरवरच्या गर्दीत उपवास कधी जाणवला नाही. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता वेळ आहे तर उपवास नीट, कडक करू. सकाळी दोन कप चहा, मग संध्याकाळच्या आरतीपर्यंत पोटात काही नाही. साडेसातला आरती, साडेआठला जेवण. दहाला सौ. झोपायला जाई. आणि मग मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठे.

आधी मूठभर चिवडा. दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात, उभ्या उभ्या. मग शेंगदाणे, मग गूळ, मग नैवेद्याचे उरलेले पेढे, मग दुपारच्या पोळ्या साखर लावून. चव लागायची ती पहिल्या दोन घासांची. पुढे हात आणि तोंड आपोआप चालत आणि मी जणू बाजूला उभा राहून बघत असे. पोट तडस लागेपर्यंत हे चाले. शेवटी डब्यातला उरलेला चिवडा हलवून वर आणायचा, म्हणजे कमी झालेला दिसू नये. पाच रुपयांचा फरक सापडेपर्यंत रात्री आठ आठ वाजेतो कॅश टॅली करत बसणारा माणूस स्वतःच्या घरात चिवड्याच्या डब्याची अफरातफर करत होता.

शुक्रवारी सकाळी महाराजांच्या तसबिरीसमोर शपथ घ्यायची, की पुढचा गुरुवार याहून कडक, चहासुद्धा नाही. तो गुरुवार तसा पारही पडे. आणि त्या रात्री आणखी जास्त खाल्लं जाई. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना उद्देशून वापरली होती.

मला मधुमेह आहे. एका तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.६ आला. डॉक्टरांनी विचारलं, “काका, गोळ्या वेळेवर घेता ना? मग खाता तरी काय?” मी म्हणालो, “गुरुवारी तर मी काहीच खात नाही.” ते खरंही होतं आणि खोटंही. सौ. शेजारी बसली होती, ती तिथे काही बोलली नाही. घरी येऊन चपला काढताना म्हणाली, “अहो, मला माझे डबे कळतात. तीन वर्षं झाली.”

त्या मार्गशीर्षात मी अकरावा स्कंध पुन्हा वाचायला घेतला. आठव्या अध्यायात माशाचा प्रसंग आहे. तिथे अवधूत म्हणतो, त्याचा भावार्थ असा: विचारी माणसं निराहार राहून बाकीची इंद्रियं लवकर ताब्यात आणतात, पण रसनेचं तसं होत नाही. अन्न तोडलं की ती उलट वाढते. आणि इतर सगळी इंद्रियं जिंकली तरी रसना जिंकेपर्यंत माणसाला जितेंद्रिय म्हणता येत नाही. मी ते तीनदा वाचलं. नाथमहाराजांनी याच स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं, तेही आमच्या घरात आहे, पण ही जागा माझ्या डोळ्यांखालून इतकी वर्षं नुसती सरकत गेली होती. माझ्या दर गुरुवारच्या रात्रीचं कारण तिथे लिहून ठेवलेलं होतं. उपाशी ठेवून जीभ जिंकता येत नाही, असा अर्थ मी घेतला. शास्त्री मंडळींना तो पटला नाही तर त्यांनी जरूर सांगावं.

हीच गोष्ट आधुनिक शास्त्राने वेगळ्या वाटेने पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून युद्धात लढायला नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने आले होते. सहा महिने त्यांना आधीच्या साधारण निम्मंच अन्न दिलं. वजन सुमारे पाव हिश्श्याने घटलं, पण त्याहून मोठा बदल मनात झाला. दिवसभर अन्नाचेच विचार आणि अन्नाचीच स्वप्नं. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, काही ताटल्या चाटू लागले. आणि पुन्हा पुरेसं अन्न मिळायला लागल्यावर कित्येकांना पोट भरलं तरी समाधान होईना. ते खातच राहिले. ही माणसं मुळात हावरी नव्हती. उपासमारीने त्यांची तशी अवस्था केली होती.

माझा आठवड्याचा एक दिवसाचा उपवास आणि ती उपासमार यांत अंतर आहे, हे मला कळतं. पण माझ्यासारख्याचा उपवास एका दिवसाचा राहत नाही. शुक्रवारी अपराधी वाटून जेवण निम्मं, शनिवारी नाश्ता बंद, असं करत करत आठवडाभर अर्धपोटी राहायचं आणि अधूनमधून रात्री तुटून पडायचं, असं ते चक्र असतं.

आपल्याकडे याला ‘भस्म्या झालाय’ म्हणतात आणि हसतात. वैद्यकशास्त्रात ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ या नावाने २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत ग्रंथात त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळालं. लग्नाच्या पंगतीत कोणी दहा पुरणपोळ्या रिचवल्या, तर तो हा आजार नव्हे. थोड्या वेळात खूप खाणं, ते खाताना स्वतःवर ताबा नसणं, भूक नसताना खाणं, भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेपोटी एकट्याने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस येणं, अशी त्याची लक्षणं आहेत. आठवड्यातून एकदा तरी, असं सतत तीन महिने होत असेल तर डॉक्टर त्याला आजार मानतात. खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढणं किंवा जुलाबाची औषधं घेणं हा याहूनही धोक्याचा प्रकार आहे. घरात कोणाचं, विशेषतः तरुण मुलीचं, असं काही लक्षात आलं तर न रागावता लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

आता हे पाप आहे का, हा प्रश्न. मला तो फार छळत असे. श्रीगुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. एका ब्राह्मणाचा परान्न न घेण्याचा नेम असतो, पण त्याच्या पत्नीला लोकांकडच्या पंगतीत जेवायला जावंसं वाटतं. ती श्रीगुरूंकडे येऊन मन मोकळं करते. श्रीगुरू तिच्यावर रागावत नाहीत. ते नवऱ्याला बोलावून तिची इच्छा पुरी करायला सांगतात. पुढे पंगतीत तिला जे दिसलं त्याने तिचं मन आपणच फिरलं, तो भाग सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिने आपली खाण्याची इच्छा गुरूंपुढे उघड बोलून दाखवली. मी तीन वर्षं तसबिरीपुढे शपथा घेतल्या, पण रात्री काय करतो ते एकदाही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिलं काम दिलं ते वही लिहिण्याचं. बँकेतल्या माणसाला याहून सोपं काय! पण त्यांची अट होती, की खाल्लं त्याच वेळी लिहायचं, रात्री आठवून नाही. वेळ, काय खाल्लं, कुठे बसून, आणि त्याआधी काय घडलं होतं. कॅलरी मोजायच्या नाहीत, वजन रोज करायचं नाही. पाच आठवड्यांनी वही उघडून बसलो. लाल शाईच्या अकरा नोंदी होत्या. त्यांतल्या आठ गुरुवारच्या किंवा शुक्रवारच्या. उरलेल्या तिनांपैकी दोन दिवशी दुपारचं जेवण चुकलं होतं. एका दिवशी घरात भांडण झालं होतं. मी समजत होतो की राक्षस केव्हाही येतो. वहीत त्याची येण्याची वेळ आणि वाट दोन्ही दिसली.

दुसरं काम नियमित खाण्याचं. तीन जेवणं, मध्ये दोन छोटी खाणी, आणि चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही. रात्री अनावर खाणं झालं तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. हे सर्वांत जड गेलं. ‘रात्री एवढं हादडलं, आता कुठल्या तोंडाने उपमा खाऊ?’ असं वाटे. बाई म्हणाल्या, “काका, एक व्हाउचर चुकलं म्हणून तुम्ही दिवसाचं अख्खं पुस्तक फाडत होतात का?” गीतेत सहाव्या अध्यायात भगवंतांनी हेच सांगितलं आहे, की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. त्यातला पहिला भाग आपण मुलांना ऐकवतो, दुसरा सोयीने विसरतो.

इच्छा उसळली की तिच्याशी झगडायचं नाही, ती लाटेसारखी चढते आणि उतरते, तेवढा वेळ काढायचा, हेही त्यांनी शिकवलं. मी देवघरासमोर बसून नामाची माळ ओढतो. कधी एका माळेत उतरते, कधी तीन लागतात. तरीही खावंसं वाटलं तर दिवा लावायचा, ताटलीत वाढून घ्यायचं, बसून खायचं. डब्यात हात घालायचा नाही. मधुकर गुरूंचा धडा मला इथे लागू पडतो. भुंगा फुलाफुलातून थोडं थोडं घेतो. गाणगापुरात दुपारी मधुकरी मागताना झोळीत जे पडतं तेच जेवण असतं, तिथे कोणी डबा उघडून बसत नाही. मधमाशीचा धडाही त्याच अध्यायात आहे, साठा करू नये असा. प्रपंची माणसाला साठ्याशिवाय कसं चालेल? पण दोन किलो फरसाणाची पिशवी आणायची की पाव किलोचा पुडा, एवढं आपल्या हातात असतं.

मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. रिकाम्या पोटी साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, विलक्षण भूक लागते. त्या वेळी जे खाल्लं जातं तो हावरटपणा नसतो, शरीराने मारलेली हाक असते. तेव्हा उपवास किंवा सप्ताहाचे कडक नियम धरण्याआधी डॉक्टरांना विचारावं. उपवास पेलणाऱ्यांनी तो अवश्य करावा, माझं त्याच्याशी भांडण नाही.

गुरुवारचा कडक उपवास सोडायचं ठरलं तेव्हा माझी छाती धडधडत होती. वडिलांपासूनचा नेम. सौ.ला म्हणालो, “अगं, महाराज रागावले तर?” ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “इतकी वर्षं महाराजांना डबे दिसत नव्हते का?”

आता गुरुवारी कांदा-लसूण नाही, गोड नाही, बाकी चारी वेळा नेमाने खातो. दुपारी गुरुचरित्राचा एक अध्याय वाचतो. आधी भुकेने लक्ष लागत नसे, आता लागतं. सहा महिन्यांनी साखरेचा आकडा ७.४ वर आला. डॉक्टर म्हणाले, अजून खाली यायला हवा.

अगदी बरा झालो असं नाही. या वर्षी वहीत लाल शाईच्या नऊ नोंदी आहेत. शेवटची कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची: रात्री ११.१० ते ११.२५, चकल्या आणि उरलेलं मसाला दूध, दुपारी एका कामात जेवायला उशीर झाला होता. दर रविवारी सौ. वही तपासते, बँकेत साहेब व्हाउचर पास करत तशी. त्या नोंदीखाली तिची सही आहे, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, “चकल्या मीपण खाल्ल्या होत्या.”